वाट चुकलेला मामा आणि कुर्लीची गोष्ट

सरका पलीकडे, मला पाय पसरू दे. विनू, तू भिंतीकडे. शमे, तुझं पांघरूण तुझ्यापाशी आणि त्याचं त्याच्यापाशी. आता कुणी कुणाला चिमटे काढायचे नाहीत. आणि मधून मधून हूं म्हणायचं, बरं का. हूं बंद झालं की मी समजेन तुम्ही झोपलात, आणि गोष्ट तिथंच सोडून मीही झोपेन.

तर एक होतं बंदर. अगदी टीचभर. पन्नास घरं, एक देऊळ, एक मशीद, माडच माड, आणि समुद्रात उतरणारा दगडी धक्का. धक्क्याला सात पायऱ्या. त्यातली तिसरी मोडलेली. कुणाच्या तरी आज्याच्या काळात वादळानं ती खाल्ली, आणि ती दुरुस्त करायची म्हणून गावानं शंभर वर्षं नुसत्या बैठका घेतल्या. मग काय, तिथली पोरं चालायला शिकली की आधी दोन पायऱ्या उतरायला शिकत, मग तिसरीवरून उडी मारायला.

त्या गावात आवडा नावाची बाई होती. तिचा नवरा दिवसभर माडावर असायचा, खाली उतरला की जेवून झोपायचा. त्याचं या गोष्टीत काही काम नाही. काम आहे ते तिच्या भावाचं. त्याचं नाव लखमा. तो होता तांडेल, म्हणजे गलबत हाकणारा, खलाशांचा म्होरक्या. नारळी पुनव झाली की गलबत सोडायचा, देशोदेशी जायचा, आणि पाऊस लागायच्या आधी परत यायचा. त्याची बायको सोनाय. दोघांचं घर आवडाच्या घराला लागूनच. मध्ये नुसतं जास्वंदीचं कुंपण.

आवडाला एक लेक, भागी. सहा वर्षांची. आणि आवडाला एक देणगी होती. ती गोष्टी अशा सांगायची की ऐकणाऱ्यानं तोंडात घातलेला घास गिळायचा विसरावा. दिवेलागण झाली की गावातली सगळी पोरं तिच्या ओटीवर. पण दिवेलागण झाल्यावरच हं! दिवसा नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. मलाही माझ्या आजीनं हेच सांगितलं होतं. आणि ज्यांचा मामा तांडेल, त्यांनी तर दिवसा 'एक होता' एवढे दोन शब्दसुद्धा काढायचे नाहीत.

मग एकदा काय झालं, चैत्र महिन्यात भागी तापानं फणफणली. एक दिवस झाला, दोन दिवस झाले, पाच दिवस झाले. वैद्यबुवा आले. त्यांनी काढा दिला आणि म्हणाले, "आवडा, आज हा वाटीभर पोटात जायला हवा. उद्यावर ढकलू नकोस." काढा कडूजहर. पोरीनं दात आवळले ते आवळले. आवडानं गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी रडून पाहिलं. पोर काही तोंड उघडेना.

मग भागी बारीक आवाजात म्हणाली, "आये, कुर्लीची गोष्ट सांग. मग पिते."

"दुपार आहे गो," आवडा म्हणाली. "मामा समुद्रावर आहे. दिवे लागले की सांगेन."

पोरीनं भिंतीकडे तोंड केलं. अंग असं तापलेलं की हात ठेवला तर चटका बसावा. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी आईनं काय करायचं? मी असते तर? मीही तेच केलं असतं. आवडानं दार लोटून घेतलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि भर दुपारी गोष्ट सुरू केली. एकेका हूंला एकेक घोट.

कुर्ली म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना? खेकडा रे. तिकडे कुर्ली म्हणतात.

गोष्ट आवडाच्या आईची. एक होती पोर, तिला होती सावत्र आई. सावत्र आईनं तिच्या हातात तळाला भोक असलेलं मडकं दिलं आणि म्हणाली, "दिवस मावळायच्या आत विहिरीवरून रांजण भरून आण. नाही भरला तर घराबाहेर." मग पोर विहिरीच्या पायऱ्या उतरली. एक, दोन, चार, पाच, सहा, सात. मडकं भरलं. वर येईतो रिकामं. पुन्हा उतरली. एक, दोन, चार, पाच, सहा, सात. पुन्हा रिकामं. तिसऱ्यांदा उतरली आणि रडायला लागली. मग दगडाखालून कुर्ली बाहेर आली. आदल्या दिवशी कालवणात पडणाऱ्या या कुर्लीला पोरीनं हळूच सोडून दिलं होतं. कुर्ली म्हणाली, "रडतेस कशाला? मी आहे ना." आणि मडक्यात उतरून भोकावर अशी फतकल मारून बसली की थेंब गळेल तर शपथ! रांजण भरला. सावत्र आईचं तोंड बघण्यासारखं झालं.

गोष्ट संपली, वाटी संपली. संध्याकाळी भागीला घाम फुटला आणि ताप उतरला. आवडानं देवापुढे साखर ठेवली. तिला वाटलं, सुटलो.

आठ दिवसांनी लखमाचं गलबत आलं. सगळे खलाशी आले. लखमा आला नाही.

खलाशी खाली मान घालून म्हणाले, "वादळ झालं. तांडेल सुकाणू धरून उभा होता. एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. एक फळकूटही गेलं त्याच्याबरोबर. आम्ही दोन दिवस फिरलो, हाका मारल्या. काही दिसलं नाही."

"कधी झालं हे?" आवडानं विचारलं.

"आजला नववा दिवस. भर दुपारी."

आवडानं बोटांवर दिवस मोजले. नववा दिवस, भर दुपार. दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. दार लोटलेलं होतं, कुणाला काय ठाऊक होतं? पण आवडा कुंपण ओलांडून सोनायच्या घरी गेली आणि जे केलं ते सगळं सांगून मोकळी झाली.

सोनाय तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या पोरीचा ताप उतरला, चांगलं झालं. देवाच्यान चांगलं झालं. पण आता माझ्याशी बोलू नका." आणि त्या दिवसापासून जास्वंदीच्या कुंपणावरून शब्द म्हणून इकडचा तिकडे गेला नाही. कोंबडी गेली तर तीसुद्धा मुकाट्यानं परत धाडायची.

बातमी गावभर झाली, आणि मग गाव जमलं. रावजी गावकर गावाचा मोठा माणूस. मनानं वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. तो म्हणाला, "समुद्रानं नेलेला माणूस परत येत नाही. त्याचे दिवस घालायला हवेत. सोनायनं कुंकू पुसावं, तिचं मन तरी मोकळं होईल."

तशी आवडा उठली. बायका तेव्हा बैठकीत बोलायच्या नाहीत, बरं का. ही बोलली. "गावकरांनू, मला सगळ्यांनी सांगितलंत, आवडे, तुझ्या गोष्टीनं तो वाट चुकला. मी म्हणते, बरोबर. मान्य. पण वाट चुकला म्हणजे मेला नव्हे. चुकलेल्याला वाट सापडते. गोष्टीनं चुकली असेल, तर गोष्टीनंच सापडेल. मला तीन वर्षं द्या."

"आणि नाही आला तर?"

"तर तिसऱ्या वर्षी, पावसाआधी होड्या वर ओढायच्या दिवशी, तुम्ही सांगाल ते होईल. मी आडवी येणार नाही."

रावजी गावकरानं सोनायकडे पाहिलं. सोनायनं आवडाकडे बघितलं नाही, पण हात कपाळावरच्या कुंकवावर आडवा धरला. मग गावकर म्हणाला, "तीन वर्षं. त्यावर एक दिवस नाही."

मग आवडानं काय केलं, ऐका. हूं म्हणा रे! झोपलात की काय? हां.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती धक्क्यावर गेली. परदेशी जाणारी गलबतं भरतीबरोबर सुटतात, आणि भरती काही दिवे लागायची वाट बघत नाही. आवडानं पदर खोचला, दोराच्या वेटोळ्यावर बसली आणि निघालेल्या खलाशांना कुर्लीची गोष्ट सांगितली. उघड्यावर, उन्हात, सगळ्या गावादेखत. मग म्हणाली, "ही गोष्ट घेऊन जा. जिथं उतराल तिथं सांगा. ज्याला सांगाल त्याला म्हणा, पुढं सांग. माझा भाऊ जिथं कुठं असेल तिथपर्यंत ती पोचली पाहिजे. ही आमच्या आईची गोष्ट आहे. ऐकली की तो ओळखेल."

बायका म्हणाल्या, हिला वेड लागलं. पोरं लांबून ऐकायची, पण आपले मामा वाट चुकतील या भीतीनं कानांत बोटं घालून. पूर्ण नव्हे, अर्धीच.

खलाशांना मात्र गोष्ट फार आवडली. एकच शंका सगळ्यांना. "आवडाबाय, एक, दोन, चार? मधली तीन कुठं गेली?" आवडा खाली बोट दाखवायची. धक्क्याची तिसरी पायरी. आवडाची आई गोष्ट सांगताना विहिरीला हाच धक्का लावायची. या गावात तीन कुणी मोजतच नव्हतं, तर ती तरी का मोजेल?

आवडा रोज जायची. रोज कुणी ना कुणी निघालेलं असायचंच. पाऊस आला की थांबायची, नारळी पुनव झाली की पुन्हा सुरू.

वर्ष गेलं. दाऊद नाखवा अरबांच्या मुलखातून परत आला. पांढरी दाढी, तोंडात वेलची, गावचाच माणूस, स्वतःच्या गलबताचा मालक. धक्क्यावर उतरल्या उतरल्या म्हणाला, "आवडा, तुझी गोष्ट मला परत मिळाली! वाळवंटात, उंटवाल्यांच्या तळावर. मी बंदरात सांगितली होती, ती माझ्याआधी वाळवंटात जाऊन बसलेली."

"सांगा!" आवडा म्हणाली. तिचा जीव कानांत आला.

दाऊद नाखव्यानं सांगितली. "ते लोक सुरुवात अशी करतात. होतं असं, आणि नव्हतंही. मग एक पोर, सावत्र आई. तिनं भोक पडलेली कातडी पखाल दिली. पोर पाण्यावर निघाली. एक टेकाड ओलांडलं, दोन टेकाडं, चार टेकाडं, पाच…"

"टेकाडं? पायऱ्या कुठं गेल्या?"

"वाळूत पायऱ्या कुठनं आणू? पुढं ऐक. पोर रडायला लागली, तेव्हा सरडा आला आणि त्यानं भोकात शेपूट घातलं."

आवडा भडकलीच. "सरडा? माझी कुर्ली काढून सरडा घातला? नाखवा, मी भावाला शोधायला गोष्ट धाडली, आणि वाटेत लोकांनी तिचे कपडे उतरवून भलतेच चढवले! आता माझा भाऊ तिला ओळखेल कसा?"

"अगो, त्यांनी जन्मात कुर्ली पाहिलेली नाही," दाऊद नाखवा म्हणाला. "माहीत नसलेल्या प्राण्यावर हूं कोण म्हणेल? पण एक सांगतो. मी त्यांना विचारलं, दोननंतर चार का? तर म्हणाले, असंच सांगतात. सगळं बदललं त्यांनी, तेवढं बदललं नाही. जे कळतं ते लोक आपल्यासारखं करून घेतात. कळत नाही त्याला हात लावायला भितात."

आवडा रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी धक्क्यावर गेली. आता ती गोष्टीत कुर्ली अशी काही रंगवायची, तिचे डोळे, तिच्या नांग्या, तिचं तिरकं चालणं, की दगडालाही कुर्ली दिसावी. तरी जाणारे खलाशी तोंडातल्या तोंडात आपापल्या गावचा प्राणी बसवून बघायचेच. ते तिला दिसायचं आणि ती चिडायची. काय करणार? जीभ तिची नव्हती.

दुसरं वर्ष गेलं. हबशांच्या किनाऱ्यावरून मुबारक नावाचा खलाशी आला. उंच, हसरा, खांद्यावर पोतं असं टाकायचा की जणू उशी. तो म्हणाला, "बाय, तुमची गोष्ट आमच्याकडे आहे. माझ्या बहिणीच्या गावात सगळ्यांना येते." आणि त्यानं धक्क्यावर ती नाचूनच दाखवली. तिकडे सांगणारा ओरडतो, गोष्ट आली! ऐकणारे ओरडतात, येऊ दे! आणि मध्येच सगळे मिळून गातात. मडक्याच्या जागी दुधी भोपळ्याचा तुंबा, आणि भोकावर बसलं कासव. पोर नदीवर चालली, एक वळण, दोन वळणं, चार वळणं. 'चार!' म्हणताना सगळ्यांनी टाळी वाजवायची. का, ते कुणाला ठाऊक नाही.

आवडा हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. मग तिनं हळूच विचारलं, "तुमच्याकडे ही दिवसा सांगतात?"

मुबारकनं कान धरले. "छे छे! दिवसा गोष्ट सांगितली तर डोक्याला शिंगं फुटतात."

"कुणाला फुटलेली पाहिलीस?"

"नाही," मुबारक म्हणाला. "दिवसा कुणी सांगतच नाही, तर फुटणार कशी?"

मग शेजारचा दुसरा खलाशी म्हणाला, आमच्याकडे दिवसा सांगितली तर केस गळतात. तिसरा म्हणाला, आमच्याकडे उन्हाळ्यात सांगायची नाही, साप ऐकत बसतात. दाऊद नाखवा म्हणाला, "माझी आजी म्हणायची, दिवसा सांगितली तर कामं पडून राहतात. तिनं बाकी भानगड ठेवलीच नव्हती." आणि सगळे हसायला लागले.

आवडा हसली नाही. ती विचार करत बसली. इथं मामा चुकतो, तिथं शिंगं फुटतात, पलीकडे केस गळतात. एकच गोष्ट, आणि शिक्षा दर गावाला निराळी? जगभरच्या आज्यांना दुपारी शेतं होती, जाळी होती, दळणं होती. पोरांनी मागं लागू नये म्हणून ज्या आजीला जे सुचलं ते तिनं सांगितलं. मी पण सांगते, कबूल करते. तर आवडाला त्या दिवशी कळलं, की लखमाला लाटेनं नेलं. काढ्याच्या वाटीनं नव्हे, आणि भागीच्या हूंनं तर मुळीच नव्हे. दोन वर्षं छातीवर असलेला धोंडा खाली उतरला. ती घरी आली आणि पोरीला पोटाशी धरून रडली.

पण ते झालं तिचं. लखमा कुठं आला होता? आणि सोनाय कुठं बोलत होती?

तिसरं वर्ष लागलं. त्या वर्षी गोष्टीचा निरोप कुणीच आणला नाही. दाऊद नाखवा आला, रिकामा. मुबारक आला, रिकामा. चैत्र गेला, वैशाख सरत आला. लोक होड्यांखाली घालायला ओंडके आणून ठेवू लागले. होड्या वर ओढायचा दिवस ठरला. रावजी गावकर स्वतः सोनायकडे गेला आणि भटजींना सांगून आलोय म्हणाला. सोनायनं मान हलवली. कुंपणापलीकडून आवडानं ते पाहिलं.

तो दिवस उजाडला. दुपारची भरती. परदेशातलं शेवटचं गलबत सकाळी पाणी भरायला धक्क्याला लागलं होतं, आणि आता घरी निघत होतं. एका बाजूला गाव होड्या ओढतंय, तालावर हेलो, हेलो म्हणतंय. एका बाजूला गावकर आणि भटजी बसलेत. आणि आवडा? ती आपल्या दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसली.

"आवडे, आज तरी पुरे," गावकर म्हणाला.

"दिवस अजून मावळला नाही," आवडा म्हणाली, आणि तिनं गोष्ट सुरू केली.

खलाशी भोवती बसले. ते निरनिराळ्या मुलखांतले, कुणी ठेंगणा, कुणी लालबुंद. मागं पाण्याच्या पिंपांआड काही जण उभे होते. आवडाचा आवाज हळूहळू पक्का झाला. पोर पायऱ्या उतरली. एक, दोन, चार, पाच, सहा, सात. मडकं रिकामं. पुन्हा उतरली, पुन्हा रिकामं. तिसऱ्यांदा उतरली आणि रडायला लागली.

"मग सांगा," आवडानं रोजच्यासारखं विचारलं, "भोकावर कोण बसलं?"

"बेडूक!" एक खलाशी ओरडला.

"गोगलगाय!" दुसरा म्हणाला.

"मासा! माशानंच अंग चेपलं!"

आवडा मान हलवत होती. रोजचंच. पण ती सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात पिंपांआडून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "कुर्ली. आणखी कोण बसणार?"

आवडाला मागं वळायचा धीर होईना. तिला वाटलं, वळले आणि कुणी नसलं तर? पण भागी वळली. भागी आता नऊ वर्षांची होती. तिनं दाढीआडचा चेहरा क्षणभर न्याहाळला आणि ओरडली, "मामा!"

लखमाच होता! वाळलेला, दाढी छातीपर्यंत, अंगात कुठल्या तरी प्राण्याच्या केसाळ कातड्याचा डगला. आपल्या दुपारच्या उन्हात! गावानं होड्या तिथंच सोडल्या. एक होडी तर घसरत परत पाण्यात गेली, आणि कुणाला त्याचं काही नाही.

मग लखमानं सांगितलं. फळकुटाला धरून तो वाहत गेला, एका भलत्या गलबतानं त्याला उचललं, आणि ते गलबतही वादळानं दक्षिणेच्या टोकाच्या पलीकडे फेकलं. थंडगार मुलूख. पाण्याचा दगड होतो इतकी थंडी. आणि आकाश निराळं. ध्रुव नाही, सप्तर्षी नाहीत, ओळखीचा एक तारा जागेवर नाही. जन्मभर ताऱ्यांवर वाट काढलेला तांडेल, आणि वर बघावं तर परकी माणसं जमल्यासारखं. कुणाला विचारावं, तर त्याच्या गावाचं नावही कुणी ऐकलेलं नाही. दोन वर्षं तो तिथं दोर वळत राहिला.

"मग एके दिवशी चुलीपाशी तिथली म्हातारी पोरांना गोष्ट सांगत होती," लखमा म्हणाला. "बाय, मी नीट ऐकतही नव्हतो. पोर बर्फात चालली, एक पाऊल, दोन पावलं, चार पावलं. माझ्या हातातला दोर पडला. म्हातारीला विचारलं, तीन कुठं गेलं? ती म्हणाली, असंच सांगतात. मी म्हटलं, आजी, असंच नाही. ती आमची पायरी आहे! आमच्या धक्क्याची!"

"आणि भोकावर कोण बसलं?" भागीनं विचारलं.

"कुणीच नाही गो. तिथं थंडीच एवढी, की भोकातलं पाणीच गोठलं आणि भोक आपोआप बुजलं!"

मग लखमानं म्हातारीला विचारलं, ही गोष्ट तुला कुणी सांगितली? तिनं एका कोळ्याचं नाव सांगितलं. तो कोळ्याकडे गेला. तुला कुणी सांगितली? पलीकडच्या बंदरातल्या सुतारानं. तो सुताराकडे गेला. असा गोष्टीचा माग काढत निघाला. वाट चुकली की त्याला लगेच कळायचं. एका गावात गेला, तिथं भोकावर साळिंदर बसलेलं आणि मोजणी एक, दोन, तीन. म्हणजे ही दुसरीच गोष्ट, कुणा दुसऱ्याच्या आईची. फिर मागं. पुन्हा बरोबर माणूस सापडला, तिथं कासव. कासव आलं तेव्हा ऊब वाटायला लागली. मग बेडूक. मग एका बंदरात भोकावर शिंपला बसलेला होता, आणि लखमा म्हणाला, आता आलं घर. शिंपल्यापासून कुर्ली किती लांब? तिथंच इकडे यायला निघालेलं हे गलबत उभं होतं. सकाळी धक्का दिसला तेव्हा त्याला उतरायचा धीर होईना, तीन वर्षांत घरी काय झालं असेल या भीतीनं. मग वरून आवाज आला, एक, दोन, चार. आणि पाय आपोआप उतरले.

रावजी गावकर डोळे पुसत उठला. भटजींना म्हणाला, "चला. आपलं इथं काही काम नाही."

सोनाय गर्दीच्या मागं उभी होती. लखमा तिच्यापुढे गेला. चारचौघांत नवरा-बायकोनं बोलायची तेव्हा रीत नव्हती. तिनं त्याचा तो केसाळ डगला बाहीपाशी दोन बोटांनी धरला, ओला आहे का बघावा तसा, आणि सोडलाच नाही.

त्या दिवशी लखमा जेवून झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी उठला नाही. आवडा आपल्या ओटीवर लसूण सोलत बसली होती. एवढ्यात कुंपणाची जास्वंद हलली. सोनाय आली आणि आवडासमोर मांडी घालून बसली. तिनंही थोडा लसूण पुढ्यात ओढला. बराच वेळ दोघी सोलत राहिल्या.

मग सोनाय म्हणाली, "वन्सं, सगळ्या जगानं ती गोष्ट ऐकली. तीन वर्षं तुम्ही धक्क्यावर सांगत होतात, आणि मी दार लावून घेत होते. मलाच ती ठाऊक नाही."

"आता दुपार आहे गो," आवडा म्हणाली.

"असू दे दुपार," सोनाय म्हणाली. "सांगा."

मग आवडानं सांगितली, पहिल्यापासून, काही न गाळता. सोनाय दर वाक्याला हूं म्हणत होती. चुलीवरचं कालवण करपलं, त्याचा वास गावभर गेला, आणि दोघींतली एकही उठली नाही.

पुढं सगळे सुखानं नांदले, भागीही मोठी झाली आणि आपल्या पोरांना गोष्टी सांगू लागली. त्यांच्या घरी जसं झालं तसं सगळ्यांच्या घरी होवो. विनू? शमे? हूं नाही. झोपली वाटतं. चला, मीही दिवा मालवते.